गोठ्यातले बूट

प्रिय आये,

आज वसुबारस. तुझ्या गोठ्याच्या दारात मघाशी भांडून आले आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. भांडण तुझ्यावरूनच झालं, मग कळवायचं कुणाला?

काकी ताट घेऊन आली. वहिनीची या घरातली पहिलीच वसुबारस. भातकापणीत तिच्या पायांना चिखल्या झाल्यात, बोटांमधली कातडी पार सोलवटली आहे. तुझ्या चांदी गाईच्या पायाशी शेण, मूत आणि पाण्याचा रबरबाट होता. तशात काकी तिला म्हणते, "चप्पल काढ, लक्षुमीजवळ अनवाणी जायचं." वहिनी बिचारी काढायलाही लागली!

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "बूट घालूनच जाईल. नाहीतर पूजा होणार नाही."

"काय गो बाय, तुला लाज नाय वाटत? तुझी आयस जल्मभर अनवाणी गेली गोठ्यात!"

"गेली म्हणूनच गेली ना, काकी?"

आये, मी हे बोलले आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

आठवतं, ते निळे गमबूट मी मंडणगडच्या बाजारातून तुझ्यासाठी आणले होते? तू हसलीस. "मायच्या घरात कुणी वहाणा घालून जातं का गो?" म्हणालीस आणि बूट पडवीत ठेवून दिलेस. पुढे त्यात कोंबडीने अंडी घातली, तर तुला कोण कौतुक! "बघ, आले ना उपयोगाला!" मीही हसले. तुझ्याशी कुणी किती वाद घालायचा?

तुझ्या टाचांच्या भेगांत नखभर शेण कायम बसलेलं असायचं. शेण-मूत काढलंस की पायांवर तांब्याभर पाणी, आणि तशीच चुलीपुढे. साबण पाहुण्यांसाठी! माणसं आजारी पडली की तू दृष्ट काढायचीस, पण गोठ्याकडे कधी बोट दाखवलं नाहीस. का गो? चांदीवर एवढी माया, आणि स्वतःच्या पायांवर थोडीसुद्धा नाही?

गेल्या वर्षी श्रावणात ताप आला, तेव्हा भिजल्याचा ताप म्हणून काढा पीत बसलीस. रत्नागिरीला नेईपर्यंत डोळे पिवळे झाले होते. डॉक्टर म्हणाले, लेप्टो. गुरांच्या, उंदरांच्या मुतातून येतो, पायाच्या भेगांतून आत शिरतो. त्यांनी विचारलं, "गोठ्यात पायात काय घालतात?" बाबा खाली मान घालून म्हणाले, "काय नाय." ते दोन शब्द माझ्या कानातून अजून जात नाहीत.

वाडीत मात्र सगळे म्हणतात, आयुष्य तेवढंच होतं. नव्हतं! मी नाही मानत. तुझं आयुष्य खूप होतं, फक्त पाय उघडे होते. आणि लक्ष्मीने कधी मागितले होते गो तुझे उघडे पाय?

तर ऐक, पुढे काय झालं. बाबा उठले. पडवीत गेले, तुझे निळे बूट उपडे करून झटकले आणि वहिनीपुढे ठेवले. वहिनीने बूट घातले, आत गेली, चांदीला आणि वासराला ओवाळलं. चांदीने काय केलं सांगू? गुळाची भाकरी खाल्ली आणि बूट चाटला. तिला काही राग आला नाही. राग आला तो काकीला, ती ताट तिथेच टाकून गेली.

जाऊ दे. उद्या गोठ्यात चर खणून मूत बाहेर काढणार आहे, दाराशी साबण ठेवणार आहे. आणि तुला शब्द देते, आये, या घरातली एकही बाई यापुढे गोठ्यात अनवाणी जाणार नाही. काकीसाठीही जोडी आणून ठेवली आहे. ती घालणार नाही, मला माहीत आहे. रोज सकाळी तिच्या ओट्यावर नेऊन ठेवीन, रोज शिव्या खाईन.

पण तिच्या बुटांत कोंबडीला अंडी घालू देणार नाही.

तुझीच हट्टी,
बेबी