टाळी उतरेपर्यंत

बाबा, परवा वाशीच्या नाट्यगृहात एका सत्कार समारंभात तुमची गोष्ट पुन्हा सांगितली गेली, आणि चुकीची सांगितली गेली. सांगणारा तिशीतला नट होता. तुमचं एकही नाटक त्याने पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. त्याने तुमच्या हातात काठी दिली, जी तुम्ही शस्त्रक्रियेनंतरही चार लोकांत कधी धरली नाहीत. तुमच्या तोंडी त्याने एक शिवी घातली, आणि तुमचा आवाज म्हणून जो घोगरा सूर लावला तो ऐकून मला उठून जावंसं वाटलं. तरीही कॅमेऱ्यासमोर टाळीची वाट पाहत उभा राहिलेला म्हातारा नट त्याने असा उभा केला की सभागृहाने ती राहून गेलेली टाळी तिथल्या तिथे देऊन टाकली. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काय तोरा होता नाही या लोकांचा." मी मान हलवली. ही गोष्ट जगात मीच सोडली आहे, हे त्यांना सांगण्याचं कारण नव्हतं. तुम्हाला मात्र सांगायला हवं, कारण तिच्यातलं सगळंच खरं नाही, आणि जे खरं नाही ते माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही.

टाळीचं शास्त्र मी तुमच्याकडून शिकले. दिल्लीच्या नाट्यविद्यालयातल्या तीन वर्षांत ते कुणी शिकवलं नाही. तुमच्या त्या गाजलेल्या नाटकात पहिला अंक अर्धा होईपर्यंत तुम्ही रंगमंचावर येतच नाही. घरातली सगळी माणसं तुमच्याविषयी बोलून दमतात, आणि मग दार उघडतं. तुम्ही उंबऱ्यात उभे आहात, एक हात कडीवर. टाळी उठते, भरते, आणि उतरणीला लागते. ती पुरती विझण्याच्या आत, पण उतरू लागल्यावरच, तुम्ही पहिलं वाक्य टाकता. आधी टाकलं तर वाक्य बुडतं, उशिरा टाकलं तर नट भिकारी दिसतो, असं तुम्ही म्हणत असा. मी विंगेतून हे इतक्या वेळा पाहिलं आहे की त्या थांबण्यात तुमचा श्वास कुठे सुटतो तेही मला आज सांगता येईल.

महाविद्यालयात असताना एकांकिका स्पर्धेत मला अभिनयाचं पहिलं पारितोषिक मिळालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची रविवार सकाळ. नेरूळच्या घरातलं स्वयंपाकघर. तुम्ही आईसमोर बसून कोथिंबीर निवडताय. मी पदक ओट्यावर ठेवते. तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणता, "टाळीवर बोललीस." मी वाद घालते की ते पात्र त्या क्षणी थांबलंच नसतं. तुम्ही एक काडी बाजूला टाकता आणि म्हणता, "पात्र नसेल थांबत. नटाने थांबायचं. लोक काही देत असतील तर दोन्ही हातांनी घ्यावं, एवढं तुझ्या आईने शिकवलं असेल ना?" आई म्हणते, "माझं नाव मध्ये आणू नका. आणि देठं फेकू नका, चटणीला लागतात." मी पुढे कित्येक दिवस तुमच्याशी बोलले नाही. टाळीवरही पुन्हा कधी बोलले नाही. आता विद्यापीठाच्या नाट्यविभागात मी शिकवते, तिथे माझ्यासमोर येणारी मुलं टाळीवर बोलतात तेव्हा मी त्यांचे गुण कापते, आणि ती मला जुनाट समजतात.

दूरदर्शन मालिकांना तुम्ही आयुष्यभर नावं ठेवलीत, आणि नाटकाचे प्रयोग रोडावल्यावर त्यांच्यातच गेलात. याबद्दल मी तुम्हाला माफ केलं नव्हतं. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये प्लायवूडचा बंगला उभा केला होता, आणि त्या बंगल्यात तुम्ही आजोबा होतात. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापणारं यंत्र होतं. त्याचा दणका बसला की ध्वनिमुद्रक हात वर करायचा आणि सगळे नट वाक्याच्या मध्यात थांबून राहायचे. तिथे कुणाचं पाठांतर नसे. दिग्दर्शकाचा सहायक कॅमेऱ्यामागून वाक्य मोठ्याने वाचायचा आणि नट ते उचलून म्हणायचे. सहायकाचा आवाज नंतर काढून टाकत. तुम्ही एकटेच संवाद तोंडपाठ करून जात होतात, म्हणून तुम्हाला तिथे 'पाठांतरवाले काका' म्हणत. तुम्ही हे घरी कौतुक म्हणून सांगायचात. त्यात थट्टा किती होती ते मला पहिल्या भेटीतच दिसलं होतं.

मग तुमचं खुब्याचं हाड मोडलं, चित्रीकरणाच्या तारखा देता येईनात, आणि लेखकांनी तुम्हाला बुडवलं. मोऱ्याच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच वादळात उलटते, आजोबा सापडत नाहीत. बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर चंदनाचा हार घालून तुमचा फोटो लागला. जिवंत नटाच्या फोटोला हार घातला की त्या नटाने कॅमेऱ्यासमोर एकदा मोठ्याने हसायचं आणि युनिटकडून पेढा घ्यायचा, अशी तिथली रीत; अशुभ उतरतं म्हणे. तुम्ही रुग्णालयात होतात, म्हणून निर्मिती पाहणारा माणूस खाटेपाशी पेढा घेऊन आला आणि मोबाइलवर तुमचं हसणं टिपून गेला. आईने तो पेढा तुम्हाला खाऊ दिला नाही. त्यानंतर मालिका सुरू असताना ती भिंत दिसली की आई मान फिरवून बसायची, आणि तुम्ही मान पुढे काढून बघायचात.

तुम्ही दाढी वाढवलीत ती तेव्हापासून. "मृतदेह दाखवलेला नाही," तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात, "म्हणजे दार उघडं ठेवलंय." समुद्रातून परतणारा माणूस गुळगुळीत गालांनी कसा येईल, आयत्या वेळी बोलावलं तर खोटी दाढी चिकटवणार का, हा तुमचा युक्तिवाद. सोसायटीतली माणसं लिफ्टमध्ये गाठून विचारायची, काका, कधी परत येताय. बाजारात तुमची नेहमीची मासेवाली पापलेट तोलता तोलता म्हणाली, "मोऱ्याच्या पान्यान बुरलेला मानूस तिसऱ्या दिसाला वर येतं, बाबा. तुमी कवाचं लपलाव?" तुम्ही इतके हसलात की तिने वर दोन बोंबील टाकले. मी हसले नाही. एका चांगल्या निर्मात्याने याच काळात तुम्हाला नाटकात भूमिका देऊ केली. छोटी होती, पण लिहिलेली होती. तिला आदि-अंत होता. तुम्ही नकार दिलात, कारण त्यासाठी दाढी काढावी लागली असती. ज्या नटाने मला टाळी घ्यायला शिकवलं तो भिंतीवरच्या फोटोतून खाली उतरण्यासाठी रंगमंच सोडत होता. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं. तुम्ही म्हणालात, "अगं, रोज एवढी माणसं बघतात. एवढी माणसं मला नाटकाने जन्मात दिली नाहीत."

आणि बोलावणं आलं, बाबा. मी चूक ठरले. लेखकांना गोष्ट पुढे सरकवायला कुणीतरी परत यायला हवं होतं. मी गाडीने तुम्हाला घेऊन गेले. तुर्भ्यापाशी ट्रकच्या रांगेत बराच वेळ अडकलो. तुम्ही सबंध प्रवेश मला म्हणून दाखवलात, एक अक्षर न चुकता.

सेटवर मी कॅमेऱ्यामागे खुर्ची घेऊन बसले आहे. बंगल्याचं दार उघडतं. तुम्ही उंबऱ्यात, एक हात कडीवर, समोर भिंतीवर हार घातलेले तुम्ही. ते उभं राहणं इतकं अचूक आहे की इतकी वर्षं मी तुमच्यावर केलेला राग मला क्षणभर सापडत नाही. आणि तुम्ही थांबता. शेडमध्ये सगळं शांत आहे, यंत्रसुद्धा. सहायक पुटपुटतो, मग मोठ्याने वाचतो: "हा हार कुणासाठी?" तुम्ही त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. तुमची नजर दिव्यांच्या पलीकडे, वर, बाल्कनी असते तिथे. दिग्दर्शक थांबवतो. पुन्हा दार, पुन्हा कडी, पुन्हा तेच थांबणं. सहायक आता दोनदा वाचतो. तिसऱ्या वेळी सून झालेली नटी हळूच म्हणते, "काका विसरलेत वाटतं," आणि ते शेडभर पसरतं. कुणीतरी पाणी आणतं. कुणीतरी तुमचा चष्मा शोधतं. तुम्ही पाणी परत पाठवता, आणि पुन्हा कडीवर हात ठेवून उभे राहता.

मी उठून दिग्दर्शकाकडे गेले. माझ्याहून वयाने लहान, दिवसभर उभा राहून सुजलेल्या पायांचा, वाईट नसलेला माणूस होता. मी त्याला सांगितलं की ते विसरलेले नाहीत. ते टाळीसाठी थांबले आहेत, पन्नास वर्षांची सवय आहे, मोठ्या नटाच्या प्रवेशाला टाळी पडते आणि ती उतरेपर्यंत तो बोलत नाही. त्याने ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, मी समजू शकतो. पण टाळी येणार नाहीये ना. मी शॉट कुठे कापू?" मी ते तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत, उंबऱ्यात गेलात, आणि पुन्हा थांबलात. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या प्रवेशाची तयारी सुरू केली. मेकअपच्या खोलीत टोपी काढताना तुम्ही आरशातून मला म्हणालात, "आज हाउस थंड होतं."

या एका वाक्यावर ती गोष्ट उभी आहे. परवाच्या नटाने सगळं बिघडवलं, पण हे वाक्य बिघडवणं त्यालाही जमलं नाही. पुढे काय झालं ते गोष्टीत कुणी सांगत नाही. पुढच्याच आठवड्यात आजोबा परत आले. पडद्याच्या तळाशी पट्टी सरकली की ही भूमिका आता दुसरे कलावंत करतील. त्यांची दाढी चिकटवलेली होती आणि कानापाशी सुटत होती. तुम्ही ती मालिका रोज बघत राहिलात. "हा बरा करतोय," असं एकदा म्हणालात, आणि पुढे, कितीतरी दिवसांनी, "हा कुणाचा वडील आहे?" असं विचारलंत. मग आईचं नाव गेलं, मग माझं. तुमचं शेवटचं वर्ष मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

तुम्ही गेलात तेव्हा नाट्यवर्तुळात कुजबूज होतीच, की शेवटी पार विसरले होते, सेटवर एक वाक्य येत नव्हतं. शोकसभेत अध्यक्ष 'वार्धक्याने ग्रासलेला नटश्रेष्ठ' म्हणाले तेव्हा मी ठरवलेलं नसताना बोलायला उभी राहिले आणि ही गोष्ट सांगितली. विसर पडलेला म्हातारा मी तिथेच मारून टाकला आणि त्याच्या जागी कॅमेऱ्यालाही आपल्या शर्तींवर थांबवणारा नट ठेवला. आरशातलं वाक्य मी तुमचा उपरोध म्हणून सांगितलं, खालच्या पट्टीत, किंचित हसून. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुजबूज संपली. मला माझ्या कोणत्याही प्रयोगाने इतकं समाधान दिलेलं नाही.

पण तुर्भ्याला ट्रकच्या रांगेत, प्रवेश म्हणून झाल्यावर, तुम्ही काच पुसत मला विचारलं होतंत, "बुकिंग कसं आहे आजचं?" मला वाटलं, थट्टा करताय, थट्टा ही तुमची जुनी खोड. मी म्हटलं, "हाउसफुल्ल." तुम्ही म्हणालात, "बाल्कनी पण?" मी म्हटलं, "बाल्कनी पण." तुम्ही मागे टेकून बसलात आणि तुमचा चेहरा असा निवला की तसा मी तो कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्या चेहऱ्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, सेटवर लागला नाही, शोकसभेतही लागला नाही. तुमचे कपडे कुणाला तरी देऊन टाकले त्या दुपारी, रिकाम्या कपाटासमोर, तो लागला. तुम्ही टाळीसाठीच थांबला होतात. तेवढं मी दिग्दर्शकाला खरं सांगितलं. त्या शेडमध्ये दिव्यांपलीकडे तुमच्यासाठी भरलेलं नाट्यगृह होतं, ते गप्प बसून होतं, आणि आपलं काय चुकलं हे तुम्हाला कळत नव्हतं. आरशातलं ते वाक्य उपरोध नव्हता. तुम्हाला वाईट वाटलं होतं.

हे मी कुणाला सांगणार नाही. हा कागद कुठल्या पाकिटात जाणार नाही आणि कुणा विद्यार्थ्याच्या हाती पडणार नाही. नटाने काय खोटं आहे ते आधी ओळखावं, असं मी वर्गात गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे, आणि ते मी स्वतः उत्तम ओळखते. तुमच्या बाबतीत मात्र मला खोटंच अधिक प्रिय आहे, बाबा, आणि ते चालेल का हे तुम्हाला विचारता आलं असतं तरी मी विचारलं नसतं.