पोलादपूरचा पहिला नंबर

महाड, १२ डिसेंबर १९६२

प्रिय यज्ञा,

तू दवाखाना पुण्याला हलवलास आणि आपल्या मोटारसायकल क्लबाचं पार वाटोळं झालं बघ! आपली शर्यत तुला ठाऊकच आहे. पालखीचा मान ठरलेला असतो तसा आपला क्रम ठरलेला. पुढे अध्यक्ष म्हणून मी, मग तू, हेडमास्तर, गोमाजीशेठ, रेंजरसाहेब आणि शेवटी ओव्हरसियर. याच क्रमानं पोलादपूरला पोचायचं, चहा घ्यायचा आणि बक्षिसाचा कप मी घरी आणायचा. यंदा ओव्हरसियरचीही बदली झाली आणि रेंजरसाहेब अडून बसले, म्हणे मी शेवटचा येणार नाही! आता शेवटी यायला माणूस आणायचा कुठून? तेव्हा शिवथरचा भागोजी आठवला. घरचं भात भरपूर, मुंबईहून जुनी बुलेट आणलेली. सभासद करून घ्या म्हणून कधीचा मागे लागला होता आणि आपण त्याच्याकडे टाय नाही म्हणून टाळत होतो. टाय मीच दिला.

निघालो. सावित्रीच्या कडेनं मी आपला ऐटीत चाललोय, तर मागून भडभड आवाज. मान वळवून बघतो तो भागोजी! माझाच टाय त्याच्या खांद्यावर फडफडतोय. हॉर्न दिला, अदबीनं हात केला आणि गेला की रे पुढे! माझं डोकंच फिरलं. मीही गाडी पिळली. टोपी उडाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, वळणावर एका बैलगाडीतला म्हातारा मला बघून देवाचं नाव घ्यायला लागला. तिथंच एकदा मी त्याला गाठलाही. पण पोलादपुरात तोच आधी पोचला, आणि वर सगळ्यांचा चहा सांगून उभा! रेंजरसाहेब त्याच्या अंगावर धावून गेले, मोठ्यांचा मान ठेवायची रीत नाही का म्हणून. भागोजी बिचारा घाबरला. माझ्याकडे वळून म्हणाला, “माफ करा वकीलसाहेब, मला वाटला शर्यत हाय.” हेडमास्तरांना चहाचा ठसका लागला.

घरी आलो तर आमच्या आनंदीबाई म्हणतात, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही नुसते चहाला जात होता होय? आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. राग आला, यज्ञा, भयंकर राग आला. भागोजीनं दुसऱ्या दिवशी टाय धुऊन, इस्त्री करून परत पाठवला. बुलेट विकून टाकतो म्हणतोय.

परवा सभा झाली. भागोजीला काढायचं की ठेवायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या. काढा म्हणणारे दोघे, ते कोण हे तू ओळखशीलच. ठेवा म्हणणारे दोघे, त्यातले एक हेडमास्तर. तुझं नाव अजून सभासदांत आहे, तेव्हा निकाल तुझ्या मतावर अडलाय.

‘ठेवा’ म्हणणारी दुसरी चिठ्ठी माझी होती. रेंजरला हे कळू देऊ नकोस. मला उदारपणा वगैरे काही सुचलेला नाही, गैरसमज नको. घरातले ते सगळे कप मी काल पोत्यात भरून माळ्यावर टाकले, बघवेनात. त्या वळणावर त्याला गाठला ना, तेव्हा मला जे वाटलं ते आयुष्यात कधी वाटलं नव्हतं रे. मला भागोजीला हरवायचंय. त्याला काढलंत तर मी पुन्हा पहिला येईन, आणि ते मला आता सोसायचं नाही. मत लगेच टपालात टाक.

तुझाच,
रघुवीर
(यंदा दुसरा)