शक्यता नाकारता येत नाही

११ फेब्रु.
उद्या निकाल. कल्याण कोर्ट, अकराला बोलावलंय, म्हणजे दुपार होणार. ह्यांनी एकाच शर्टाला दोनदा इस्त्री केली.
आमच्या मनूच्या नवऱ्याला शिक्षा झाली तर तिची मुक्ता आमच्याकडेच राहील. सुटला तर तो पोरीला मागणार, त्याच्या वकिलानं आधीच ऐकवून ठेवलंय. पाच वर्षांची आहे. आई गेली तेव्हा धड बोलतही नव्हती. देवाला काही मागवत नाही आता, तरी मागितलं.

१२ फेब्रु.
सुटला. तो आणि त्याची आई, दोघंही निर्दोष.
मेल्यांनी कोर्टाबाहेर पेढे वाटले! हे पायरीवर बसकण मारून बसले. म्हटलं उठा, त्या लोकांसमोर बसायचं नाही. रिक्षावाल्यानं नेमकी ठाकुर्लीवरून घातली. त्यांची बिल्डिंग. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत टॉवेल वाळत होता.
घरी आल्यावर मुक्ता, 'आजी, खाऊ?' विसरलेच होते.

१९ फेब्रु.
निकालाची नक्कल मिळाली. वाचली. 'कपडे वाळत घालताना मयताचा तोल गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' मयत म्हणजे आमची मनू.
नाकारता येत नाही म्हणे. मग नाकारता येते ती कुठली? तर मनूनं फोनवर रडून 'आई, मारतो गं' सांगितलं, ती. ती मात्र 'संभवनीय वाटत नाही'. का, तर अधिकाचं वाण.
गेल्या अधिकमासात जावयाला बोलावलेलं. चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे, दिवा, ह्यांनी त्याचे पाय धुतले. माझ्या जावेनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. फोटोत मनू हसतेय. त्यानंतर दिवाळीच्या आधी ती गेली. फोटो त्यांच्या वकिलानं कोर्टात लावला. त्यानंच ह्यांना विचारलं, 'पाय धुतलेत?' हे म्हणाले, 'धुतले, पण त्याचं असं आहे...' 'पण नको. हो की नाही?' 'हो.'
जज लिहितात, मुलीचा छळ माहीत असलेला बाप छळ करणाऱ्याचे पाय धुईल, हे स्वाभाविक मानवी वर्तनाशी सुसंगत नाही.
कुठल्या मानवाच्या? जन्मात मुलगी सासरी धाडली नसेल त्या जजनी.

२० फेब्रु.
डोकं भणभणतंय, लिहूनच काढते. थोरल्या जावयाला त्या अधिकात काय दिलं? पाचशेची नोट, एक ताम्हन आणि घरचेच अनारसे. पाय धुतले नाहीत. तो म्हणाला, 'आई, हे काय खूळ, बसा जेवायला.' कारण थोरली सुखात होती. तिच्यासाठी कुणाचे पाय धरायची गरज नव्हती.
ज्या घरात मुलीला मार बसतो त्या घरीच ताट मोठं जातं. हे आमच्या कोपरच्या कुठल्याही बाईला विचारा. अडला हरी गाढवाचे पाय धरी. आम्ही तर गाढवालाच नारायण म्हटलं, की आता तरी मनूला नीट वागवेल. त्या फोटोवरून छळ झाला असण्याचाच संभव जास्त दिसतो. कोर्टाला उलटं दिसलं.
हे म्हणतात, पुरे. मला नाही पुरे.

२ मार्च
नौपाड्यात वकीलबाईंकडे. हुशार आहेत, खोटी आशा लावत नाहीत.
अपील करता येईल. पण पुराव्यावरून दोन अर्थ निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा धरायचा, असा नियम. 'तुमचं खरं असू शकतं, काकू. पण फौजदारीत असू शकतं चालत नाही. आहेच, असं लागतं.'
म्हटलं, 'आणि त्यांचं तोल गेला असू शकतं? ते चालतं?'
'हो. त्यांना तेवढं पुरतं.'
वा रे न्याय. पण एक सांगितलं. मुक्ताच्या ताब्याच्या केसमध्ये वजन वेगळं. तिथं ज्याचं म्हणणं जास्त संभवनीय, त्याचं धरतात. म्हणजे त्याच फोटोवर, त्याच फोनवर इथं तो निर्दोष आणि तिथं कदाचित... 'तसं उघड लिहिणार नाही कुणी,' बाई म्हणाल्या, 'पण जज मनात धरू शकतात.'
येताना ह्यांनी बऱ्याच दिवसांनी वडापाव मागितला.

९ एप्रिल
आलीच नोटीस. 'नैसर्गिक पालक' म्हणून मुलीचा ताबा हवाय. नैसर्गिक! शेजारच्या पाटकर वहिनी म्हणतात, 'सोडा आता, देव बघून घेईल.' म्हटलं, देव इतके दिवस काय करत होता?
ह्यांचं अपिलाच्या कागदावर सही करायचं अजून ठरत नाही. पेन घेतात, ठेवतात.

१० जून
कोर्टानं त्याला मुक्ताची भेट दिलीय. ठाण्याला, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशक बाईंसमोर. वकीलबाईंनी बजावलं, त्याच्याशी तोडून वागू नका, नाहीतर आजी पोरीच्या मनात विष कालवते असा अर्थ निघेल. बरं. आणि फार गोडही नको, नाहीतर म्हणतील, आजी-आजोबांना त्याची भीती नव्हतीच.
आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मग मी वागू कशी? बाई म्हणाल्या, 'स्वाभाविक वागा.'
तोच शब्द. तळपायाची आग मस्तकात गेली.

२० जून
जाऊन आलो. भिंतीवर ससे काढलेली खोली, छोट्या खुर्च्या. समुपदेशक बाई वही घेऊन कोपऱ्यात. तो आला, ठोकळ्यांचा मोठा डबा घेऊन. जाड झालाय.
मुक्तानं माझी ओढणी धरली. 'आजी, हे कोण?'
बाईंनी मान वर केली. ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. माझ्या ओठांवर आलं होतं ते गिळलं. म्हटलं, 'बाबा आहेत तुझे.'
तो 'थँक यू, आई' म्हणाला. आई म्हणाला मला.
मग खाली फरशीवर बसला आणि घर बांधायला लागला. मुक्ता आधी लांबून बघत होती. मग एक ठोकळा दिला. मग दुसरा. मग त्याच्या मांडीला टेकून बसली. हसत होती. वेळ संपली तशी मी हाक मारली, चल बाळा.
'थांब ना आजी. आम्ही खेळतोय.'
बाईंनी तेही लिहून घेतलं.