तिसरी वाट स्वयंपाकघरातून

दि. ४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. वहिनीचे गुडघे आता बरे असतील. आधी तुझं अभिनंदन करते. तू काढून दिलेला गावच्या वाटांचा नकाशा छापून आला. पर्यटन समितीने पाच हजार प्रती काढल्यात, आणि बसथांब्यापासून वर जिथे मोकळी भिंत दिसेल तिथे एक डकवली आहे. पहिली वाट धबधब्याची, दुसरी पठाराची, तिसरी जुन्या पहाऱ्याच्या बुरुजाची, अशा पाच वाटा. खाली तुझं नाव आणि ‘निवृत्त आरेखक, नकाशा कचेरी’ असंही छापलंय. वाचून ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

आता दुसरी बातमी. काल सकाळी मी यंत्रावर शाळेच्या गणवेशांना कॉलर लावत होते, तर अकरा माणसं पुढच्या दाराने आत आली. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. सगळ्यांनी हसून नमस्कार केला, जमिनीवर पसरलेल्या कापडावरून नीट पाय उचलून टाकले, स्वयंपाकघरातून गेली आणि मागच्या दाराने बुरुजाकडे चालू लागली. एकाने जाताजाता दूध उतू जात असल्याचं सांगितलं, तेवढाच उपयोग. वाट चुकली असतील असं मला वाटलं. दुपारी आणखी सात आली. त्यांच्यातल्या एका बाईने मला नकाशाच दाखवला. तिसऱ्या वाटेची लाल रेघ आपल्या पुढच्या दारातून शिरते आणि मागच्या दारातून निघते.

खरी वाट घराला वळसा घालून पाण्याच्या टाकीमागून जाते, हे तुला मी सांगायला नको. रेघ जरा सरकली आहे एवढं समितीला कळव. अध्यक्ष म्हणजे आपले औषधदुकानवाले. ते माझं ऐकायचे नाहीत, तुझं ऐकतील.

लोभ असू दे, पण आधी त्या दोन ओळी लिही.

तुझी,
धाकटी

दि. १३ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. लहानपणी जरा कुठे खुट्ट झालं की तू आळी गोळा करायचीस म्हणून तुझं नाव टिटवी पडलं. साठी आली तरी खोड गेलेली दिसत नाही.

मी नकाशा कचेरीत अडतीस वर्षं काढली. तेवढ्या काळात माझी एक रेघ कुणाला खोडावी लागली नाही. निरोपसमारंभात साहेबांनी तसं बोलूनही दाखवलं होतं, तुझ्या वहिनीला विचार. तेव्हा रेघ ‘सरकली’ हा शब्द जपून वापर. तुझ्या हाती पडलेली प्रत छापताना सरकली असेल. कागदाला घडी पडली तरी असं दिसतं. एखाद्या उन्हाच्या दिवशी प्रत काचेवर ठेवून पाहा. घराच्या जुन्या दुरुस्तीत दार इकडचं तिकडे झालं होतं का, याचीही खात्री करून घे.

शिवाय पंधरा मे रोजी वाटांचं उद्घाटन आहे. अध्यक्षांनी मला मानपत्र द्यायचं ठरवलंय. अशा वेळी मीच चूक झाल्याचा अर्ज करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. दोन महिने कळ काढ. माणसं सभ्य आहेत असं तूच लिहितेस.

तुझ्या वहिनीचे गुडघे जैसे थे. माया कमी करू नकोस.

तुझा,
दादा

दि. २ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्रत काचेवर ठेवून पाहिली. दारं जागच्या जागी आहेत. तुझी रेघसुद्धा.

मी स्वतःच समितीच्या बैठकीला गेले. अध्यक्षांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं. पाच हजार प्रती छापून झाल्यामुळे नकाशा बदलणं आता शक्य नाही, गाव बदलता येईल, असं त्यांचं मत पडलं. चिटणीस म्हणजे आपले हेडमास्तर. त्यांनी त्यावर ठरावाचा मसुदा तिथल्या तिथे वाचून दाखवला, म्हणजे तो आधीच तयार होता. आता माझी दोन्ही दारं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघडी राहायची आहेत. शिवणयंत्राने वाटेत अडथळा येतो म्हणून ते उत्तरेच्या भिंतीला न्यायचं. तिथे उजेड येत नाही हे मी सांगितलं, तर उजेड हा समितीच्या कक्षेतला विषय नव्हे असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी रंगारी येऊन बाण काढून गेला. एक पुढच्या दारावर, आत यायचा. एक कपाटावर. एक मागच्या दारावर, बाहेर जायचा.

लोकांचं म्हणशील तर खरंच सभ्य आहेत. काही जण माझ्या यंत्राचे फोटो काढतात आणि ते अजून चालतं याचं नवल करतात. एकाने मलाही तसंच पाहिलं. समितीच्या अभिप्रायवहीत कुणीतरी लिहिलंय की वाट सुंदर, दुतर्फा जांभळी फुलं, बुरुजावरून नदीची तिन्ही वळणं दिसतात, फक्त मध्येच लागणारी बाई जरा तुसडी आहे.

इथवर मी हसून घेतलं. पण खरी गोष्ट पुढे आहे. समितीला आपलं घर हवंय. त्याचं ‘विश्रांतिस्थान’ करायचं आणि मला खाली बसथांब्यामागच्या नव्या इमारतीत दोन खोल्या द्यायच्या, अध्यक्षांच्या लॉजशेजारी. वाट घरातून पूर्वापार जाते असं सिद्ध झालं की घर घेता येतं म्हणे. घर आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून तुझ्याकडे सहीसाठी कागद येईल. दादा, सही करू नकोस. मी या घरात जन्मले, लग्न मोडून परत इथेच आले, आईला इथेच शेवटचं पाणी पाजलं. मला दुसरं कुठे झोपायची सवय नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लागलेत.

धाकटी

दि. ११ एप्रिल

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

कागद आला. अजून सही केलेली नाही. केली नाही, एवढंच तूर्त कळवतो.

कागदावर फक्त एवढंच लिहिलंय की या घरातून वाट होती. ती होती, हे तूही नाकारणार नाहीस. शाळेतून येताना आपण पुढच्या दाराने शिरायचो, आई हातावर काहीतरी ठेवायची आणि मागच्या दाराने बुरुजावर पळायचो. आळीतली निम्मी पोरं तशीच जायची. माणसाने खरं ते लिहावं की नाही, या पेचात आहे. मानपत्राचा याच्याशी संबंध नाही.

दादा

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून हे चार शब्द. संबंध आहे. मानपत्रासाठी कोट इस्त्रीला टाकून झालाय. पण आणखी एक सांगते. हा नकाशा त्यांनी कुठलाही जुना कागद न बघता, जेवणाच्या टेबलावर बसून आठवणीने काढला. तुमच्या घरापाशी पेन्सिल आली तेव्हा मी विचारलं की डोंगराच्या नकाशात हे दार कशाला, तर मला चहा टाकायला पाठवलं. चहा घेऊन आले तर चष्मा पुसत होते. अकरा वर्षांत तिकडे फिरकले नाहीत, पण त्या दिवशी जाऊन आले असावेत. — वहिनी

दि. २० एप्रिल

ती. दादास,
सा. न.

वहिनीचं लिहिणं वाचलं. तिला माझा नमस्कार सांग.

इकडे मी माझ्या परीने उपाय केला. दारं उघडी ठेवायचा ठराव आहे, पण आतल्या माणसांना कामाला लावू नये असा ठराव नाही. आता जो शिरतो त्याला मी कापडाचं एक टोक धरायला देते. दोघं असले तर चादरीची घडी घालून घेते. परवा एका डॉक्टरने गणवेशांना बावीस बटणं लावली, टाके सुबक होते. समितीने तिसऱ्या वाटेची श्रेणी ‘सोपी’वरून ‘मध्यम’ केली आहे.

आता मनातलं लिहिते, रागावलास तरी चालेल. आईचं सगळं उरकल्यावर तू ओट्याशी उभा राहून वहिनीला म्हणाला होतास की आता या गावात यायचं ते कुणाकडे. मी तुझ्या मागेच चहाचे कप घेऊन उभी होते. अकरा वर्षं हे मी कुणाला बोलले नाही. मी काय भिंत होते, दादा? कागदावर तू माझ्या घरात आलास आणि न थांबता मागच्या दाराने निघून गेलास. रेघेला एवढं तरी वळण द्यायचंस. गेल्या दीड महिन्यात पाचशे माणसं माझ्या घरातून गेली. एक तू आला नाहीस.

सही करायची तर कर. विनवणी एकदा केली, दुसऱ्यांदा करणार नाही.

धाकटी

दि. ६ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. ते वाक्य मी बोललो होतो. बोललो तेव्हा मला फक्त आई दिसत होती. तू ऐकलंस हे ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नसणं हीसुद्धा सबब नव्हे. माझं चुकलं. लाजेपोटी येणं लांबलं आणि लांबलं म्हणून लाज वाढली.

पाचव्या दिवशी कचेरीत गेलो. माझ्या खुर्चीवर आता ज्या बाई बसतात त्यांनी गावच्या जुन्या मोजणीचा नकाशा काढून दिला. वाट टाकीमागूनच जाते. अडतीस वर्षांत जे झालं नाही ते मी घरी बसून केलं. कागद सही न करता परत पाठवला. सोबत समितीला अर्ज लिहिला की तिसरी वाट चुकीची आहे, ती जमिनीवर नसून एका म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे, आणि मानपत्र मला घेता येणार नाही.

त्याच जुन्या नकाशात आणखी एक गोष्ट सापडली. बसथांब्यापासून वर येणारी पूर्वापार वाट अध्यक्षांच्या लॉजच्या जेवणघरातून जाते. नकाशाप्रमाणे गाव बदलायचं समितीचं धोरण मला माहीत असल्यामुळे त्याची अधिकृत प्रत अर्जाला जोडली आहे. नऊ ते सहा ही वेळ त्यांनाही सोयीची व्हावी, असंही नम्रपणे सुचवलंय.

टिटवी या नावाने तुला आजपासून हाक मारणार नाही. रागावली असलीस तरी दोन ओळी धाड.

तुझा,
दादा

दि. १८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा अर्ज पोचला त्याच दिवशी तातडीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले की नकाशा हा शेवटी माणसानेच काढलेला असतो आणि त्याच्या आहारी जाणं बरं नव्हे. हेडमास्तरांनी ठराव वाचला, तो याही वेळी तयारच होता. पाचही हजार प्रतींवर ‘हा नकाशा केवळ अंदाजासाठी आहे’ असा शिक्का बसणार आहे. सध्या दोघं तेच करत बसलेत. घराचा विषय कायमचा मिटला. उद्घाटनात तुझं मानपत्र रंगाऱ्याला दिलं. त्यात नाव बदललं, बाकी मजकूर तोच, त्यामुळे तो आता अडतीस वर्षांचा अनुभवी आरेखक आहे.

यंत्र पुन्हा खिडकीशी आणलं. टाकीमागून माणसं जाताना दिसतात. परवा तो डॉक्टर खिडकीशी थांबून बटणं आहेत का विचारून गेला, मला बरं वाटलं. टिटवी म्हणायचं मात्र सोडू नकोस. तशी हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

काल रंगारी बाण पुसायला आला. कपाटावरचा पुसून घेतला. पुढच्या दारावरचा, आत यायचा, मी राहू दे म्हटलं. मागच्या दारावरचा बाहेर जायचा होता, तो मी आधीच खरवडून काढला होता.

वहिनीला घेऊन ये. तिच्या गुडघ्यांना पायऱ्या तीनच आहेत.

वाट बघणारी,
टिटवी