उघाडीवरचा कॅमेरा

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

दुरुस्ती. काल लिहिलं, 'कॅमेरा मेलेलाच निघाला.' चूक! कॅमेरा जिवंत आहे. त्याच्या बोर्डावर लिनक्स सुरू होताना ड्रायव्हर त्याला हाक मारतो आणि तो ओ देतो. लॉगमध्ये, यंत्राच्या नोंदीत, तशी ओळ आहे, मीच घाईत वाचली नाही. ओ देतो, पण चित्र देत नाही. खाली तीच तक्रार पुन्हा पुन्हा — फ्रेम आली नाही, वेळ संपली.

कालची ओळ खोडलेली नाही. चौथीपर्यंत वडिलांनी, आप्पांनी, मला घरीच शिकवलं, तेव्हाचा नियम: चुकलेलं खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची.

शनिवार, १३

दिवसभर ड्रायव्हर. काही नाही.

रविवार, १४

बांध समितीची सभा. पौर्णिमेच्या उधाणाला पुन्हा खाडीचं पाणी आत आलं, बांधालगतचं भात पिवळं पडलंय. सगळ्यांचं बोट सदूकाकाकडे, आप्पांचं सगळ्यांत आधी. तो उघाडीपाशी, बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी, जाळं लावतो ना — मग माशांसाठी रात्री झडप तोच उघडत असणार आणि पहाटे लावून टाकत असणार. पाहिलंय कुणीच नाही.

सदूकाका उभा राहिला, आप्पांना म्हणाला, "गुरुजी, झडपंला साखळी, साखळीला कुलूप. चावी तुमच्या घरात. मी काय मासा हाय, फटीतनं जायला?"

लोक हसले. आप्पा नाही हसले. अध्यक्ष आहेत. म्हणाले, "पुरावा हवा ना? मनाली कॅमेरा लावतेय. अठ्ठावीसला निर्णय."

निर्णय म्हणजे सदूकाकाचं जाळं कायमचं बंद. घरात दुसरी कमाई नाही.

आणि माझ्याकडे साधं एक चित्र नाही!

मंगळवार, १६

लिनक्सचा गाभा, कर्नेल, बदलला. ड्रायव्हर नव्याने बांधला. तासभर लॅपटॉपचा पंखा घुरघुरला, शेवटी तीच ओळ. फोरमवर विचारलं. उत्तर आलं — "अंदाज नकोत, पूर्ण लॉग टाका." रडूच आलं. नंतर वाटलं, बरोबरच बोलला. टाकला.

संध्याकाळी सोनाबाई, सदूकाकाची बायको, कोलंबी घेऊन दारात. "तुजा क्यामेरा लागंल तवा लागंल गो बाय, कालवण तरी कर!" आईने टोपली घेतली. सोनाबाई आईशी बोलली नाही, फक्त माझ्याशी.

कॅमेरा लागलाच नाही तर लोक काय धरून चालतील, हे तिला माहीत आहे. मलाही.

गुरुवार, १८

सापडलं!! फोरमवाल्याने एकच विचारलं — "तुमच्या बोर्डावर लेन किती?" लेन म्हणजे चित्र वाहून आणणाऱ्या तारांच्या जोड्या. विकणाऱ्याच्या कागदावर चार, म्हणून मी सेटिंगच्या फाइलमध्ये चार लिहिलेल्या. आप्पांचं भिंग घेतलं, बोर्डावरच्या रेघा एकेक करून पाहिल्या. दोनच! उरलेल्या दोन येणारच नव्हत्या आणि कंट्रोलर त्यांची वाट बघत बसलेला.

चाराचे दोन केले. बोर्ड पुन्हा सुरू केला. पडद्यावर आमचं छत आलं — हिरवट, उलटं. पण छत!

आठवडा घालवला. कागदावर विश्वास ठेवला, वस्तू पाहिली नाही.

शनिवार, २०

उघाडीवर बसवला. खांब धरायला सदूकाकाच आला. "लाव बाय, लाव. माझाच फोटो निघायचा, जरा बरा काढ." चिखलात मांडीपर्यंत उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना.

आतल्या, शेताकडच्या बाजूला पट्टे मारलेली काठीही रोवली, पाणी चढलं तर कळावं म्हणून.

सोमवार, २२

पाऊस. कॅमेऱ्याच्या भिंगावर थेंब, सगळं धूसर. जाऊन पुसून आले. परत धूसर. शी!

बुधवार, २४

काल ऊन होतं. दुपारच्या भरतीचं चित्रण आज आणून पाहिलं. तीनदा.

झडप बंद. साखळी तशीच, कुलूप तसंच. माणूस नाही, एक बगळा तेवढा. आणि आतली काठी बुडत चाललेली — एक पट्टा, दुसरा पट्टा. झडपेच्या खाली, उंबऱ्याशी, पाणी उकळल्यासारखं वर येतंय. ओहोटीला तिथे भोक दिसतं. सिमेंटच्या खालून पोखरलंय.

उंबरा गेल्या उन्हाळ्यात नवा केला. श्रमदानातून. उभं राहून करून घेतला आप्पांनी. खाली दगड भरायचे राहिले तेव्हा सदूकाका म्हणाला होता, "गुरुजी, ह्ये धरायचं न्हाय." आप्पा म्हणाले होते, "तू मासे धर."

मी तिथेच होते. हसले होते.

गुरुवार, २५

जेवताना आप्पांनी विचारलं, "दिसला का तो?" मी म्हटलं, "अजून बघतेय."

दुरुस्ती. बघून झालंय. उद्या आप्पांना दाखवते. सदूकाकाबद्दल ते बोलले, त्याखाली दुरुस्ती त्यांनी स्वतः केली तर बरं. नाही तर मी करणार — रविवारी, २८ तारखेला, भर सभेत.