न्हाणीतला दगड

आखाडा बाळापूर
२ मार्च

प्रिय दिपा,

तुला आणि जावईपाहुण्यांना नमस्कार, लेकरांना पापा. इकडे सगळं ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची आपली सवय आहे म्हणून लिहिलं. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. बहुतेक खरंच असावं. टाके काढले, जखम कोरडी आहे, उठताना पोटाला हात लावावा लागतो, एवढंच.

रोज फोन होतो तर पत्र काहून, असं तू म्हणशील. फोनवर मी तपासणीचा विषय काढला की तुझ्या कुकरची शिट्टी होते. पत्र तुला निदान शेवटपर्यंत धरावं लागेल. आणि दुसरं म्हणजे, या घरात मी फोनवर बोलताना कुणीतरी ऐकतंय असं वाटत राहतं. ऐकणाऱ्या आत्याच असणार, माझ्या सासूबाई, दुसरं कोण? आता थकल्या, पण कान तिखट आहेत.

हळद निघाली. अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेनं जिकडे तिकडे वाळत पडली आहे. शिजलेल्या हळदीचा वास पाण्यालासुद्धा लागलाय. तुझे दाजी, बालाजी, पहाटे शेतात जातात ते तिन्हीसांजेला परततात. रणजीत वसतिगृहात, म्हणून बोलायला आत्या आणि मी.

त्यांची एक गंमत सांगते. दवाखान्यातून आले तर मधल्या खोलीत बाज टाकलेली. बाजेखाली शेगडी, उशाशी विळा, दाराला लिंबाचा डहाळा. मी म्हटलं, "आत्या, माझे अंडाशय काढलेत. मी बाळंत नाही झाले."

"पोटातून निघालं का न्हाई काई?"

"निघालं."

"मंग बाळंतीणच की. डागदरनीला कापाया येतं, भरून काढाया थोडीच येतं! तुझा रणजीत माहेरी झाला. तुझं बाळंतपण माह्या हातून राहूनच गेलं होतं."

वाद घातला नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आईनंतर मला कुणी असं झाकून-गुंडाळून ठेवलं नव्हतं. मी एम. ए. झालेली बाई डिंकाचा लाडू खात ओव्याची धुरी घेत पडले आहे. शेगडी नको होती, कारण अंगातूनच एकदम वाफ उठते, मान भिजते, मग थंडी भरते. पाळी अशी एकाएकी तोडली की हे व्हायचंच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आत्या म्हणतात, "अंग त्यायला हुडकून राहिलं."

आंघोळही त्यांच्याच पद्धतीनं. घरात फरशीची मोरी आहे, गिझर आहे. पण मला परसातल्या जुन्या न्हाणीत, त्या काळ्या दगडावरच बसवतात. कढत पाणी कमरेवरून सोडतात आणि पाणी दगडाखाली मुरेपर्यंत मला उठू देत नाहीत.

काल दुपारी सगळीकडे सामसूम असताना त्या न्हाणीत हळू आवाजात बोलत होत्या. "निजा गं बायांनो. निजा दोघी." मी खिडकीतून विचारलं, "कोण दोघी, आत्या?"

"कोन न्हाई. तू पड."

तू रिपोर्टचं विचारलंस. यायचाय. बालाजी म्हणतात, प्रयोगशाळेत गर्दी आहे. पण दिपा, माझ्या रिपोर्टसाठी तू थांबायचं कारण नाही. आई अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली, मावशी त्यानंच गेली. तू स्वतःला दाखवून घे. चिडू नको.

तुझी,
अक्का

*

आखाडा बाळापूर
१५ मार्च

प्रिय दिपा,

तुझा निरोप मिळाला. "अक्का, तुझा रिपोर्ट चांगला आला की मला काही करायचीच गरज नाही, आणि वाईट आला तर बघू." चार वेळा वाचला. या पत्रात मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी लांबवणार, हे मला आत्ताच दिसतंय.

आधी त्या दगडाचं सांगते.

इकडे ऊन कडक झालंय. सकाळी धुतलेलं लुगडं दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं. न्हाणीतला दगड मात्र वाळत नाही. दुपारी चांगलं टळटळीत ऊन त्यावर असतं, तरी तो ओला. दगडात पाणी मुरत असेल, खाली मोरी तुंबली असेल. मी दोन्ही शक्यता डायरीत लिहून ठेवल्या. परवा आंघोळीआधी, अजून पाण्याचा थेंबही पडलेला नसताना, त्यावर बसले. दगड कोमट होता. कोंबड्या अख्खं परस उकरतात, तिथं चोच लावत नाहीत. आणि मला दुपारी बाजेवर पडवत नाही. पाय आपोआप तिकडे वळतात. जाऊन बसलं की पोटातली ओढ थांबते. हे मी तुला लिहावं की नाही याचा विचार केला. लिहायचं ठरवलं, कारण न लिहिलेलं जास्त मोठं होतं.

शेजारच्या मिराबाई खोबरं घेऊन आल्या होत्या. बाज, विळा, धुरी बघून तोंडाला पदर लावून हसल्या. "काय गं शिवकन्या, लेकरू कुटं दडवलंस?"

मी हसून उत्तर देणार, तेवढ्यात आत्या आतून म्हणाल्या, "हायेत जागेवर. झोपल्यात."

मिराबाईंचं हसू गेलं. खोबरं ठेवून चहा न घेताच उठल्या. दारातून मागं न बघता आत्यांना म्हणाल्या, "मंजुळामाय, पुरलं का काय?"

"मंग? उघड्यावर टाकत्यात व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा सगळं एका ओळीत आलं. तू पुढचं ओळखलंच असशील.

काढलेला भाग तपासायला न्यायला नातेवाइकांच्याच हातात देतात, हे आईच्या वेळी आपण पाहिलंय. बालाजींना औषधी पाण्यातली बरणी दिली. प्रयोगशाळा शिवरात्रीची बंद होती. मी दवाखान्यातच होते, बालाजी कपडे आणायला घरी आले आणि बरणी फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी न्यायची म्हणून. दुसऱ्या दिवशी फळी रिकामी होती.

जेवताना विचारलं तर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मायनं पुरलं. मला कळलं तव्हा होऊन गेलं होतं."

"आणि गर्दी आहे म्हणून सांगत होतात ते?"

"तुला टाके होते. मायला बोलू तर ती रडू लागली. काय करू मी? मला वाटलं, तू चांगली हिंडून-फिरून राहिलीस, मंग कागद काहाला पाहिजे?"

आत्यांना विचारलं तर त्या जराही ओशाळल्या नाहीत. बाळामागून पडते ती वार या घरात न्हाणीतच पुरतात आणि आईला त्याच दगडावर न्हाऊ घालतात, ते पाणी खाली मुरलं की आईचं अंग भरतं. बालाजींची तिथंच आहे. आत्यांच्या सासूनं पुरलेलीही तिथंच. "काचंच्या भांड्यात घालून परक्या मानसानं चिरायची व्हय तुझी चीज? कितीबी झालं तरी तुझ्या पोटच्या त्या दोघी. कायले तकलीफ द्यायची?"

म्हणजे मी इतके दिवस माझ्याच वरती बसून आंघोळ करत होते.

मला राग यायला हवा होता. आला की नाही हे मी प्रामाणिकपणे तपासलं. आधी जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. आता कुणी मला कागद वाचून दाखवणार नाही, याचं सुख वाटलं मला. क्षणभर वाटलं, पण वाटलं. आणि लगेच तुझं वाक्य आठवलं. तू ज्या कागदाची वाट बघते आहेस तो येणार नाही, दिपा. कधीच नाही. तो न्हाणीत आहे.

उद्या बालाजी दगड उचलणार आहेत. बरणी न उघडता पुरली असेल तर अजून काही करता येईल, असं मी स्वतःला सांगतेय.

अक्का

*

आखाडा बाळापूर
९ एप्रिल

प्रिय दिपा,

माझे फोन तू घेत नाहीस. दुसरं पत्र मिळालं, एवढं पाहुण्यांनी सांगितलं. म्हणून हे तिसरं.

भर दुपारी दगड उचलला. आत्या उंबऱ्यावर बसून बघत होत्या, अडवलं नाही. बालाजींनी कुदळ हलक्या हातानं घातली. माती लोण्यासारखी मऊ होती. बरणी नव्हती. एक छोटं गाडगं निघालं, तोंडाला आत्यांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. मी ते हातात घेतलं. कोमट होतं. रोज कढत पाणी ओतल्यावर माती कोमट राहणारच, असं बालाजी म्हणाले. ते मला समजावत होते की स्वतःला, कळलं नाही. मी फडकं सोडलं नाही. गाडगं हाताला जड लागलं, एवढंच सांगते.

मग बालाजी म्हणाले, "हे काय आनिक?"

शेजारीच दुसरं गाडगं होतं. तेवढंच, त्याच कुंभाराचं, कोरं. काठाला हळदीकुंकू. आत काही नाही. तोंड उघडं, पण आत मातीचा कणही गेलेला नव्हता.

मी आत्यांकडे बघितलं.

"ते तुझ्या बहिनीचं," त्या म्हणाल्या. एखाद्या पाहुणीसाठी पाट मांडून ठेवावा, तसं म्हणाल्या. "डागदरीन तुला सांगून राहिली होती, मी दाराशीच होते. माय गेली, मावशी गेली, आता ही. बहिनीला सांगा म्हणे. तिला सासू न्हाई. तिचं कोन करंल? एकलीचं पडू द्यायचं व्हय कुटं बी? जोडीला जोडी ऱ्हाईल."

बालाजी ओरडले, "माय, गप बस!" मी त्यांना कधी आईवर ओरडताना ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी किती दिवस मातीत होतं ते विचारलं. मग म्हणाल्या, आता त्यातून काही कळणार नाही. माझ्यात काही सुरू झालं होतं का, हा प्रश्न तसाच राहील. दर तीन महिन्यांनी तपासायला जायचं. पण रक्तावरून दुसरी एक गोष्ट कळते, ती करून घ्या. मी रक्त देऊन आले. काल निकाल आला. आईकडून यायचा तो दोष माझ्यात आहे. तुझ्यात असण्याची आणि नसण्याची शक्यता बरोबर निम्मी-निम्मी. एका छोट्या कुपीभर रक्ताचं काम आहे, दिपा. पोट कुणी उघडत नाही.

हा तुझा रिपोर्ट. तू माझ्या कागदावर अडून बसली होतीस ना, तो आला.

आता जे लिहिते ते तू मला वेडी म्हणायला वापरू शकतेस.

माझं गाडगं मी परत ठेवलं. माझ्या हातानं. दगड बसवला आणि घंगाळातलं कढत पाणी ओतलं. कोणत्या विश्वासानं केलं ते मला सांगता येत नाही. एवढंच कळत होतं की ते उन्हात तसं उघडं ठेवून घरात जाणं मला जमणार नाही.

दुसरं गाडगं पुन्हा पुरू दिलं नाही. घरात आणून फळीवर ठेवलं, जिथं ती बरणी होती तिथंच. काठ धुऊन, हळदीकुंकू घासून काढलं. दुसऱ्या दिवशी काठाला हळद होती. आत्यांवर चिडले. त्यांनी शपथ घेतली. पुन्हा धुतलं. पुन्हा होती.

आत्या आता नणंदेकडे नरसीला गेल्या आहेत, चांगला आठवडा झाला. बालाजी त्या फळीकडे बघतसुद्धा नाहीत. घरात तिसरं कुणी नाही. मी रोज सकाळी ते गाडगं धुते आणि रोज दुपारी काठाला ओली हळद असते. माझी बोटं पिवळी आहेत. पण या दिवसांत या गावात कुणाची नाहीत? सगळ्यांची असतात. मी बोटं नाकाशी धरून बघितली, काही कळलं नाही. डायरीत बघितलं, दुपारच्या नोंदी पूर्वी रोज असायच्या. आता त्या जागा कोऱ्या आहेत. माझं अक्षर सकाळी असतं, संध्याकाळी असतं. मधे मी कुठं असते, दिपा?

ते गाडगं मी फोडू शकत होते. हातात घेऊन उचललंही होतं. मग वाटलं, तुझं आहे. तुला न विचारता कसं फोडू? आणि या विचाराचीच मला भीती वाटली. माझ्याही नकळत मी ते तुझं म्हणून टाकलं होतं.

तर ये. घरी नंतर, आधी नांदेडला. मी स्टँडवर उभी राहते, आपण दोघी मिळून जाऊ. तुझं रक्त निर्दोष निघालं तर ते गाडगं कयाधू नदीच्या पुलावरून तू तुझ्या हातानं खाली टाक. मला फुटल्याचा आवाज ऐकायचाय. आणि दोष निघाला, तर बरणी मी धरेन. प्रयोगशाळेच्या दारापर्यंत मांडीवर घेऊन बसेन, कुणाच्या फळीवर ठेवणार नाही. मग बाज माझ्या बाजेशेजारी टाकू. आत्यांना शेगडी पेटवू देऊ, लाडू वळू देऊ. बाकी काही करू देणार नाही.

पण तू आली नाहीस, तर ते रिकामं गाडगं असंच राहील. आणि मला आता कळू लागलंय की ते रिकामं राहणार नाही. काल हातात घेतलं, तर पहिल्यापेक्षा जड लागलं.

लवकर निघ. मी वाट बघते. न्हाणीतल्या दोघीही.

तुझी,
अक्का