रविवारचं वजन

प्रिय गंधार,

वहीची पानं लिहून त्यांचे फोटो पाठवते आहे म्हणून हसू नकोस. फोनवर सांगायला गेले की तू चेष्टेवर नेतोस आणि मला रडू येतं. आईंना यातलं काही दाखवू नकोस, आणि सगळं वाचून होईपर्यंत मला फोनही करू नकोस. घरी कुणाला काही सांगायचं नाही अशी मंदारनं मला शपथ घातली होती, ती आज मी मोडते आहे. तुझा भाऊ मरता मरता वाचला, गंधार.

लॉकडाऊन लागल्यावर तुम्ही दोघांनी काय ठरवलं होतं, आठव. बाबांना साखरेनं नेलं, आपल्याला ते नको. एकदाच जेवायचं, भात बंद, संध्याकाळी गच्चीवर पन्नास फेऱ्या, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर काट्यावर उभं राहायचं. तू नाशिकहून, मंदार इथून, आणि सांगलीला आई पंच. इथे चेन्नईत, अंबत्तूरच्या आमच्या गच्चीवर अख्खी बिल्डिंग मास्क लावून चालायची, त्यात मंदार सगळ्यांच्या पुढे. मी इडल्या वाफवून बसायचे आणि हा ग्लासभर ताक पिऊन उठायचा. राग यायचा, पण कौतुकही वाटायचं, खोटं कशाला बोलू? पहिल्या महिन्यात पाच किलो, दुसऱ्यात सात. तू तिकडे चडफडायचास आणि आई फोनसमोर मीठ-मोहरी ओवाळून त्याची दृष्ट काढायच्या.

मला पहिल्यांदा खटकलं ते पाण्यावरून. इथे प्यायला वीस लिटरचे कॅन येतात. आम्हा दोघांना एक कॅन चार दिवस जायचा, तो मे महिन्यात दीड दिवसात संपायला लागला. गल्ली पत्रे ठोकून बंद केलेली, कॅनवाला पत्र्यापलीकडे कॅन ठेवून जायचा. तो ओढत आणताना मी त्या बिचाऱ्यावरच खेकसायचे, की अर्धे भरून देतोस का रे. मंदार म्हणायचा, उन्हाळा आहे, घाम जातो. मला ते पटलं. त्याचे टी-शर्ट अंगावर लोंबायला लागले, तर मी हौसेनं शिवणाचं मशीन काढून ते आत घेतले. इतकी मी आंधळी.

आमच्या खाली विशालाक्षीअम्मा राहतात, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचे यजमान रघुराम गेली तीस वर्षं इन्सुलिनवर आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाराव्या फेरीला मंदार टाकीच्या कट्ट्यावर बसला तो उठेचना. मला वाटलं, दमला असेल. अम्मा वाळवण उचलायला आल्या होत्या. त्यांनी त्याला बघितलं, आणि ज्या दिवसांत माणसं एकमेकांपासून सहा हात लांब पळायची त्या दिवसांत स्वतःचा मास्क खाली ओढून त्याच्या तोंडाजवळ वाकल्या. त्याच्या श्वासाला अति पिकलेल्या फळाचा वास येत होता. मला म्हणाल्या, "हे व्यायामाचें बारीक नव्हे मा. खालून यांचें मशीन आण, याचें रक्त बघ."

आकडा आला पाचशे ऐंशी.

पुढचे तीन तास मला आठवावेसे वाटत नाहीत. दोन हॉस्पिटलांनी आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा म्हणून गेटवरूनच परतवून लावलं. मंदार रिक्षात माझ्या खांद्यावर मान टाकून पडलेला, हाक मारली तर ओ देईना. तिसऱ्या ठिकाणी एक डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या आणि त्याला आत घेतलं. चार दिवस आयसीयू. मला आत सोडत नव्हते. त्या बाई म्हणाल्या, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर तुम्ही याला गमावलं असतंत. त्या रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

त्या चार दिवसांतच रविवार आला. आई तिकडे एकट्या, त्यांना ब्लडप्रेशर, यायला गाडी नाही. मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून कॅमेरा न लावता कॉल घेतला. मंदार गच्चीवर चालतोय, आज एकाहत्तर भरला, असं ठणकावून सांगितलं. आत तो शुद्धीवर नव्हता. आणि तू हसत म्हणालास, वहिनी, महिन्याभरात दादाला गाठतो की नाही बघ.

आता मंदार घरी आहे, पोटात सुया टोचून घेतो, मोजून का होईना पण तीनदा जेवतो. तरी गेले महिनाभर मी दर रविवारी कॅमेरा बिघडल्याचं सांगून त्याचा खोटा आकडा देत राहिले आणि तू त्या आकड्यामागे पळत राहिलास. परवा तुझं नऊ किलो उतरलेलं निघालं. आई तुझी दृष्ट काढत होत्या, तेवढ्यात तू एका दमात पाण्याची बाटली संपवलीस आणि अवनीची ओढून घेतलीस. अवनी हसत सांगत होती की आमचे नवरोजी मीटिंगमधून दर अर्ध्या तासानं बाथरूमला पळतात. नुसतं उकाड्यामुळे असेल, तुझा व्यायामच असेल, देव करो आणि तसंच असो. पण मीही तेच म्हणत बसले होते. हे वाचून झालं की चप्पल घाल, अवनीला बरोबर घे आणि रक्त तपासून ये. उद्या नाही, आत्ता. मग मला आकडा कळव, आणि खरा कळव. खोटे आकडे सांगायला या घरात मी एकटी पुरे झाले.

फोनजवळ बसलेली,
तुझीच
सुनेत्रावहिनी